डोळ्यात इंजेक्शन घेऊन घरी गेल्यावर

उतारवयात डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरू लागतात. दाराची सरळ चौकट वाकडी दिसते, मग समोरच्याचा चेहराच पुसट होतो. २००६ मध्ये अमेरिकेत ल्युसेंटिस या इंजेक्शनला मंजुरी मिळाली आणि अशा कित्येकांची नजर टिकली. अडचण एकच, इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. त्यामुळे जास्त दिवस टिकणाऱ्या औषधाची सगळेच वाट पाहत होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये नोव्हार्टिस कंपनीचं बीओव्ह्यू अमेरिकेत मंजूर झालं. पहिले तीन डोस महिन्याच्या अंतराने, पुढे दोन ते तीन महिन्यांनी एक. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या रेटिना तज्ज्ञांच्या संघटनेने सदस्यांना सावध केलं: पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्याचे १४ रुग्ण कळले होते, त्यातल्या ११ जणांच्या वाहिन्या बुजल्या होत्या. नको त्या वाहिन्या आटवायला दिलेल्या औषधानंतर हव्या असलेल्या वाहिन्याच बंद पडत होत्या!

मग स्वतंत्र समितीने मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांतले डोळे पुन्हा तपासले. ४.६ टक्के डोळ्यांत दाह सापडला, २.१ टक्क्यांत वाहिन्या बुजल्याची चिन्हं. म्हणजे खुणा आधीपासून होत्या. त्या नीट वाचल्या गेल्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी तक्रारी कळवल्यावर. हेच औषध भारतात पॅजेनॅक्स नावाने आलं, म्हणून ही हकिकत आपलीही आहे.

अशा इंजेक्शनांमुळे मधुमेहींना असणारा धोका वेगळा, आणि आपल्याकडे तो अधिक जवळचा. डोळ्याचा आजार वाढलेला असेल तर नव्या वाहिन्यांसोबत पडद्यावर चिवट जाळी तयार होते. इंजेक्शनने वाहिन्या सुकतात, पण जाळी आकसून पडदा ओढते आणि तो सुटू शकतो. डॉक्टर याला ‘क्रंच’ म्हणतात. पडद्याच्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी इंजेक्शन देतात, ते सर्जरी सोपी व्हावी म्हणून. पण शुगर आटोक्यात नाही, पैशांची सोय झाली नाही, गावाहून येणं जमलं नाही, म्हणून तारीख पुढे गेली की तेच इंजेक्शन घातक ठरू शकतं. तारीख आणि पैसे नक्की झाल्याशिवाय ते देऊच नये.

इंजेक्शन देऊन घरी पाठवताना पेशंटच्या हातात मराठीत छापलेला कागद हवा. दुखणं वाढलं, लाली वाढली, उजेड सहन होईना, नवे काळे ठिपके तरंगू लागले, नजर अंधुक झाली, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी परत या, असं त्यावर ठळक लिहिलेलं असावं. खाली फोन नंबर, रविवारीही उचलला जाणारा.