शेक नको, कात्री नको

बारडोलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांना कर्करोगाच्या वेदनांसाठी डॉक्टरांनी फेंटानिलचा पॅच दिला. सकाळी लावला, तरी सायंकाळपर्यंत कण्हणे थांबले नाही. तेव्हा वरून गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यावा काय, असे त्या विचारतात.

मुळीच देऊ नये. दुखण्यावर शेक ही आपल्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असल्याने हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण हा पॅच म्हणजे लेप नव्हे. दुखऱ्या जागेशी त्याचा संबंधच नसतो. पाठ दुखत असली तरी तो छातीवर किंवा दंडावर लावतात, कारण त्यातील औषध त्वचेतून सावकाश रक्तात उतरून मेंदूपर्यंत पोहोचते. पहिल्या पॅचचा पुरता गुण येण्यास बारा ते चोवीस तास लागतात. तोवर काय द्यावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. धीर सुटून शेजारी दुसरा पॅच चिकटवू नये.

उष्णता लागली की तीन दिवसांसाठी मोजून ठेवलेले औषध भराभर रक्तात येऊ लागते. मग गुंगी येते, श्वास मंदावतो, आणि तो थांबूही शकतो. म्हणून कढत पाण्याची आंघोळही नको, आणि बारडोलीच्या वैशाखात रुग्णाची खाट उन्हाच्या खिडकीपाशीही नको. ताप हीसुद्धा उष्णताच. ४० अंश सेल्सिअस तापात रक्तातील औषध सुमारे एक-तृतीयांशाने वाढू शकते, असा अंदाज आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हिवताप, डेंगी असतातच. अंग तापले की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास अगदी संथ झाला असेल, तर पॅच काढून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पॅच काढला म्हणजे संकट टळले असे नव्हे. रक्तातील निम्मे औषध ओसरण्यासही जवळजवळ एक दिवस लागतो.

पॅच दर तीन दिवसांनी बदलावा, जुना काढूनच नवा लावावा, तोही निराळ्या जागी. त्वचेला तेल अथवा साबण न लावता ती नुसत्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. ब्युप्रेनॉर्फिनचे काही पॅच सात दिवसांचे असतात आणि कंबरदुखीसाठी मिळणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या पट्ट्या अगदीच निराळ्या. दिसायला सारी भावंडे, म्हणून वेष्टन वाचल्यावाचून हात लावू नये. अर्धा कापून पुरवून वापरण्याची काटकसर येथे नको.

काढलेल्या पॅचमध्येही पुष्कळ औषध शिल्लक असते. आजोबांच्या कुशीत निजलेल्या नातवाच्या अंगाला तो चिकटला किंवा त्याने तोंडात घातला, तर प्राणावर बेतते. परदेशांत अशी बालके दगावली आहेत. चिकट बाजू आत घेऊन दुमडावा व रुग्णालयाला परत करावा. ते शक्य नसेल, तर अमेरिकेचे औषध नियामक खाते तो शौचकूपात टाकून पाणी सोडण्यास सांगते.

उरलेले पॅच शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांसाठी द्यावेत काय, असाही प्रश्न त्याच पत्रात आहे. ज्या शरीराला अशा औषधाची सवय नाही, त्याला एक पॅचही घातक ठरू शकतो. शिवाय फेंटानिल १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. २०१४ च्या दुरुस्तीने अशी अत्यावश्यक औषधे रुग्णालयांना ठेवणे सुकर झाले, ते रुग्णांसाठी, शेजारधर्मासाठी नव्हे. काकूंनी आपल्या डॉक्टरांकडे जावे.