दार उघडं, पण डोळेही उघडे



‘आद्य ख्रिस्ती मंडळी येईल त्याला डोळे मिटून घरात घेत’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं विधान अर्धसत्य आहे. फिलिप्पैत जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियेने प्रेषित पौलाला आग्रहाने घरी ठेवून घेतलं, हे खरंच. पण ‘डिडाखे’ ही आद्य ख्रिस्ती मंडळींची जुनी नियमपुस्तिकाही पाहावी. तिचं हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलला १८७३ मध्ये सापडलं.

फिरत्या प्रेषिताचं प्रभूसारखं स्वागत करा, असं ती सांगते. पण मुक्काम एक दिवस, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा! निघताना शिदोरीला भाकर द्यावी. पैसे मागितले, तर तोही खोटाच. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस आसरा. कायमचं राहायचं, तर हाताला काम हवं. फुकट खाणाऱ्याला तिथे ‘ख्रिस्ताच्या नावाचा व्यापारी’ असाच शब्द आहे.

हा कद्रूपणा नव्हे. पाहुण्यांची सोय लागायची ती सामान्यांच्या घरांत, त्यांच्याच पिठामिठावर. भामट्यांना आवर घातला, म्हणूनच खऱ्या पाहुण्यासाठी दार उघडं राहिलं.

– एक वाचक, वसई