शेपटापुरता बिबट्या

घरातल्या भांडणाचा विषय या सदरात आणायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नियम अर्थातच मी केलेला नाही. यंदा दिवाळी अंकापुरता तो मोडण्याची परवानगी मिळाली आहे. अट एकच : जे घडले ते जसेच्या तसे लिहायचे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघे लडाखला गेलो. शेजारच्या काकूंनी ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, फ्रीजमध्ये बसायला कुणी विमानाचे पैसे मोजतं का?” त्यांचे फारसे चुकत नव्हते. त्या दिवसांत लेहमध्ये रात्री पारा शून्याच्या खाली पंधरा-वीस अंश उतरतो. पण हिमबिबट्या पाहायचा तर याच दिवसांत. एरवी तो उंच कड्यांवर राहतो. हिवाळ्यात बर्फ दाटले की भरल नावाच्या रानमेंढ्या चाऱ्यासाठी खाली सरकतात आणि त्यांच्या मागोमाग तोही येतो.

हिमालयात जाण्याचे आमचे लग्नाआधीपासून ठरले होते. ही मूळची डोंगरवेडी. राजमाची, हरिश्चंद्रगड तिने मला भेटण्याच्या आधीच पालथे घातले होते. पुढे घराचे हप्ते आले, मुलीची शाळा आली, मग माझ्या आईचे लांबलेले आजारपण. आईचे सगळे हिनेच केले. अठरा वर्षे हिमालय आमच्या कपाटात एका पुस्तकाच्या रूपाने राहिला. ते पीटर मॅथिसन यांचे, 1978 साली निघालेले, हिमबिबट्याच्याच नावाचे. हे गृहस्थ 1973 साली जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर नेपाळातल्या डोल्पोपर्यंत चालत गेले आणि हिमबिबट्या न पाहताच परत आले. तेव्हा न दिसण्याचीही तयारी ठेवावी, असे मी हिला वरचेवर सांगत असे. त्यावर हिचे उत्तर ठरलेले, “तुमची असेल. माझी नाही.”

लेहमध्ये दोन दिवस नुसते पडून राहिलो. साडेतीन हजार मीटरांवर विमानातून एकदम उतरल्यावर ते करावेच लागते. मग झिंगचेनपर्यंत गाडी आणि तिथून गोठलेल्या ओढ्याच्या कडेकडेने चालत रुंबक. हे गाव हेमिस राष्ट्रीय उद्यानात आहे. घरे बोटांवर मोजण्याइतकी. या शतकाच्या आरंभापासून गावकरी पाहुण्यांना आपल्याच घरात ठेवून घेतात. आमच्या यजमानीणबाईंना सगळे ‘आमा-ले’ म्हणत. आमा म्हणजे आई, आणि ‘ले’ म्हणजे आपला ‘जी’. स्वयंपाकघर हेच बैठकीचे दालन. मध्यभागी शेणाच्या गोवऱ्यांवर धगधगणारी बुखारी आणि भिंतभर मांडलेली पितळी-तांब्याची भांडी. ती पाहून हिला आपल्या आजोळची आठवण झाली. चहा लोण्याचा आणि मिठाचा. त्याला चहा न समजता सार समजावे, म्हणजे फार छान लागतो.

दिवसभराचे काम एकच : समोरच्या डोंगराकडे पाहत बसणे. वाटाड्या मोठी दुर्बीण तिकाटण्यावर लावून एकेक कडा विंचरून काढी. बर्फातल्या वाटेवर त्याने आम्हांला बिबट्याने मागच्या पायांनी उकरलेली माती दाखवली, खडकावर त्याने सोडलेला वास हुंगायला लावला. (मी हुंगला. पुन्हा हुंगणार नाही.) हाडे उंचावरून खडकांवर टाकून फोडणारे दाढीवाले गिधाड डोक्यावरून गेले. पण हिच्या डोळ्यांपुढे त्या दुर्बिणीचेही काही चालेना. मला जिथे नुसते दगड दिसत, तिथे ही शांतपणे म्हणे, “तेरा आहेत. दोन पिल्लं.” आणि त्या दगडांना पाय फुटून ते चालू लागत. वीस वर्षे तांदूळ निवडणाऱ्या बाईला मेंढ्या निवडणे कठीण नसावे.

वाटाड्या रोज संध्याकाळी मला विचारी, “सर, सर में दर्द?” पहिल्या दिवशी मी या वाक्यातल्या यमकाचे कौतुक केले. दुसऱ्या संध्याकाळी मात्र माझे डोके खरोखरच ठणकत होते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच उरतो. एखाद्याला तो सोसतो, एखाद्याला नाही, आणि त्याचा वयाशी किंवा हिमतीशी संबंध नसतो. डोके दुखत असताना आणखी वर चढू नये, हा तिथला पहिला धडा. तो मला पाठ होता. तरी मी म्हणालो, “बिलकूल नाही.” अठरा वर्षांनी मिळालेले आठ दिवस माझ्या डोक्यापायी वाया जावेत, हे मला पटेना. रात्री अंधारातच दोन गोळ्या गिळल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे वाटाड्या धावत आला. वरच्या नाळेत डोमकावळे आणि मॅगपाय पक्षी गोळा झाले होते. म्हणजे तिथे शिकार पडली होती आणि शिकारीचा धनी जवळच असणार होता. सगळे उठले. मीही उठलो आणि अंगणातल्या बर्फात ओकलो.

वाटाड्याने माझ्याकडे एकदाच पाहिले. म्हणाला, “खाली. आजच.”

मी हिला म्हणालो, “तू वर जा. मी एकटा उतरतो.”

“कधीपासून दुखतंय?”

“आत्ताच.”

हिने माझ्या कोटाच्या खिशात हात घालून गोळ्यांचे रिकामे पाकीट बाहेर काढले. काही बोलली नाही. माझी पिशवी आपल्या पाठीवर टाकली आणि नाळेकडे पाठ करून उतरू लागली. झिंगचेन येईपर्यंत ही माझ्याशी एक शब्दही बोलली नाही आणि मागे वळूनही पाहिले नाही.

लेहमध्ये माझे डोके चोवीस तासांत उतरले. हिचा अबोला उतरायला अठ्ठेचाळीस लागले. दुसऱ्या रात्री मी म्हणालो, “तुझा बिबट्या हुकला म्हणून रागावलीस ना?”

“आईंनीही असंच केलं होतं,” ती म्हणाली. “दोन दिवस छातीत दुखत होतं. विचारलं की म्हणायच्या, काही नाही गं. मी पलीकडच्या खोलीत होते. त्यांना माझी झोपमोड करायची नव्हती.”

हे मला ठाऊक नव्हते. आईला जाऊन चार वर्षे झाली.

डॉक्टरांनी सावकाश वर जायला हरकत नाही म्हटले, म्हणून आम्ही पुन्हा रुंबकला गेलो. आमा-लेंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग आम्हांला घरामागचा गोठा दाखवला. छपरावर आता जाड तारेची जाळी आहे. पूर्वी नव्हती तेव्हा ‘शान’ — म्हणजे हिमबिबट्या — एका रात्री वरून आत उतरला आणि सकाळी अकरा मेंढ्या मेलेल्या सापडल्या. त्याने खाल्ली होती एकच. बिबट्याचा राग येतो का, असे हिने वाटाड्यामार्फत विचारले. आमा-ले म्हणाल्या, “तेव्हा आला होता. मेंढ्या माझ्या होत्या.” मग जाळीकडे बोट करून हसल्या. देशातल्या पहिल्याच मोजणीचे आकडे जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले. त्यांत हिमबिबटे 718 निघाले आणि त्यांतले 477 एकट्या लडाखात. इतके तिथे टिकले, यात अशा जाळ्यांचा आणि आमच्यासारख्या पाहुण्यांच्या भाड्याचाही वाटा असावा, असे मला वाटते. पण ज्या घरच्या अकरा मेंढ्या गेल्या, त्या घराला हे शहाणपण आपण शिकवू नये.

निघायच्या आदल्या दिवशी, चार वाजता, ही हळूच म्हणाली, “तो दगड मघाशी नव्हता.”

वाटाड्याने दुर्बीण फिरवली आणि श्वास रोखला. मला पुढे होण्याची खूण केली. मी हिला पुढे केले. तिने डोळा लावला आणि हलक्या आवाजात सांगू लागली, “उठला. आळस देतोय. अहो, शेपूट केवढी! अंगाएवढीच असेल. पंजे चाटतोय… इकडे बघतोय.” तिचा आवाज कापत होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा होतो. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती एकदम बाजूला झाली, “घ्या, घ्या, लवकर!”

मी डोळा लावला. कड्याच्या पलीकडे राखाडी, जाडजूड, ठिपक्यांची एक शेपटी सावकाश नाहीशी होत होती.

पुण्याला परतल्यावर स्टाफरूममधले सहकारी घरी आले. पहिला प्रश्न अर्थातच, “मग, सर, बिबट्या दिसला का?”

“दिसला की,” मी म्हणालो.

आतून चहाचे कप आणता आणता ही म्हणाली, “शेपूट.”