गाडी उचलू नका, स्टँडवर चढा

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोमवारी सकाळी दवाखाना उघडला, तेव्हा पहिले रुग्ण बाकावर न बसता भिंतीला टेकून उभे होते. वय पन्नाशीच्या पुढे, एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक. बसवत नव्हते, वाकवत नव्हते.

"काय उचललंत?" मी विचारले.

"काही नाही हो डॉक्टर. मुलाची बुलेट डबल स्टँडवर लावत होतो."

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला सगळे गेले होते. जागा अडचणीची, मुलाचे मित्र बघत उभे. वडिलांनी मागचे हँडल धरले, श्वास रोखला आणि गाडी उपसली. गाडी जागची हलली नाही. पाठीत मात्र उसण भरली.

वाचकांना हसू येईल. मला आले नाही, कारण १९८९ साली मीही हेच केले होते. पंचवटीत राहत असताना जुनी बुलेट घेतली होती. तरुण वय, डॉक्टरकीची पदवी ताजी, शरीरशास्त्र तोंडपाठ. तरीही अंगणात ती गाडी दोन्ही हातांनी उचलायला गेलो आणि आठवडाभर मोज्यात पाय घालता आला नाही. पुढे गाडीचे काम करताना भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला जे सांगितले, ते कुठल्याही पुस्तकात नव्हते. "डॉक्टरसाहेब, गाडी उचलायची नसते. आपण स्टँडवर चढायचं असतं." एवढे बोलून त्यांनी एका पायाने ती गाडी स्टँडवर लावून दाखवली. त्यांचे स्वतःचे वजन पन्नास किलोही नसेल.

पाठीत नेमके काय होते?

आजच्या ३५० सीसीच्या क्लासिक बुलेटचे वजन सुमारे १९५ किलो. सापुतारा किंवा लेह-लडाखला निघालेल्या गाडीवर बॅगांचे आणखी वीस-पंचवीस किलो असतात. एवढे ओझे वाकून, कंबर पिळून, श्वास रोखून ओढले की सगळा ताण कमरेच्या पाच मणक्यांवर आणि त्यांच्यामधल्या गाद्यांवर येतो. बहुतेक वेळा स्नायू किंवा अस्थिबंध ताणला जातो. काही वेळा गादी सरकून नस दाबली जाते आणि कळ नितंबातून पायाच्या बोटांपर्यंत उतरते.

दोन वेळा विशेष जपाव्यात. रात्रभर आडवे असताना गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून झोपेतून उठल्यावर पहिला तासभर वाकून जड काम करू नये. तसेच दोन-तीन तास गाडी चालवून उतरल्यावर पाठ आखडलेली असते. आधी पाच मिनिटे चाला, मग स्टँडला हात लावा.

योग्य रीत

डबल स्टँड ही एक तरफ आहे. तिच्या पायदांडीवर आपले वजन पडले की गाडी मागे सरकत आपोआप वर चढते. ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा.

१) जमीन सपाट व टणक हवी. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, बॅगा उतरवलेल्या. पायात बूट हवा. चप्पल सटकली तर नडगी फुटते.

२) गाडीच्या डावीकडे, अगदी जवळ उभे राहा. डावा हात हँडलवर, उजवा हात सीटजवळच्या पकडीवर. हँडल सरळ ठेवा.

३) उजव्या पायाने स्टँड खाली दाबा. गाडी उभी करून किंचित हलवा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याचे जाणवले पाहिजे. बहुतेकांचे चुकते ते इथे. एकच पाय टेकला असेल, तर कितीही जोर लावा, गाडी चढत नाही.

४) आता पाठ ताठ, नजर समोर. श्वास सोडत जिन्याची पायरी चढावी तसे सगळे वजन उजव्या पायावर घ्या. उजव्या हाताने फक्त वर आणि मागे दिशा द्यायची.

तरीही चढत नसेल तर मागच्या चाकाखाली इंचभर जाडीची फळी ठेवून गाडी तिच्यावर घ्या. चाक आधीच वर आलेले असल्याने काम निम्मे हलके होते. चाकात हवा कमी असली किंवा टायर झिजला असला, तरी स्टँड जड जातो, हेही लक्षात ठेवा.

आणि गाडी पलीकडे कलंडू लागली तर सोडून द्या. इंडिकेटर फुटला तर नवा मिळतो, मणका मिळत नाही.

हर्नियाचे किंवा पोटाचे ऑपरेशन नुकतेच झालेले, मोतीबिंदू काढून थोडेच दिवस झालेले, हाडे ठिसूळ झालेले आणि गरोदर स्त्रिया यांनी हा उद्योग करूच नये. साइड स्टँड त्यासाठीच आहे.

उसण भरलीच तर?

पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी रुग्णाला पंधरा-पंधरा दिवस फळीवर झोपवत असू. आज तसे सांगत नाहीत. एखाद-दोन दिवस विश्रांती, शेक आणि मग झेपेल तसे घरातल्या घरात चालणे, याने बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटते. कुणाकडून मणका 'बसवून' घेऊ नका. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे उशीर झाला तर नुकसान कायमचे असते.

हे शिकवायचे कुणी?

माझी खरी तक्रार इथे आहे. आपण दुकानातून गाडी घेतो, हार घालतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. पण दोनशे किलोची वस्तू उभी कशी करायची, हे पाच मिनिटांत दाखवणारा कुणी भेटत नाही. परवान्याच्या चाचणीत आठचा आकडा काढला की झाले. जपानमधील मोठ्या मोटारसायकलींच्या शाळांत पडलेली गाडी उचलणे, ढकलत नेणे आणि स्टँडवर लावणे हे चालवण्याच्या आधी शिकवतात. आपल्याकडे निदान विक्रेत्यांनी चावी देताना ग्राहकाकडून दोनदा हे करून घ्यावे. खर्च काही नाही.

दुसरा दोष आपलाच. चारचौघांत "जरा हात लाव रे" म्हणायला पुरुषाला लाज वाटते. माझ्या रुग्णांत दूध घालणारे एक गृहस्थ होते. दोन्ही बाजूंच्या कॅन न उतरवता गाडी ओढत. त्या हट्टापायी त्यांची चार महिन्यांची कमाई बुडाली आणि भल्या पहाटे बायकोला दारोदार हिंडावे लागले. मदत मागण्याची लाज त्यापेक्षा मोठी होती काय?

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे आपण लहानपणी फळ्यावर लिहिले आहे. परवा भिंतीला टेकलेले ते गृहस्थ पुन्हा दवाखान्यात आले. गोळ्या मागायला नव्हे. मला बाहेर बोलावून त्यांनी मुलाची बुलेट स्वतः डबल स्टँडवर लावली. दोन्ही हात नुसते टेकलेले होते, काम पायाने केले. मुलगा म्हणाला, "बाबा, मला पण शिकवा."