परतीची वाट

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे आतेबंधू इंदूरहून धार, कुक्षी असा मार्ग काढीत डही येथे आमच्याकडे आले, ते आपल्या दिवंगत वडिलांची दोन आसनी, उघडी स्पोर्ट्स मोटार घेऊन. मोटार इंग्रजी बनावटीची, वयाने आमच्याहून थोडीच लहान. कुक्षी सोडल्यावर अंधार पडला. वळणावर इंडिकेटर लावताच समोरचे दोन्ही दिवे त्याच्याच तालावर मंद होऊ लागले, आणि पुढे एका खड्ड्यात चाक आदळताच ते विझले. उरलेला रस्ता त्यांनी एका ट्रॅक्टरच्या मागोमाग, त्याच्या उजेडात काटला.

घरी पोहोचले तेव्हा मोटार विकण्याचा त्यांचा निश्चय झालेला होता. वर्षभरात बॅटरी बदलून झाली, दिवे बदलून झाले. आता साऱ्या तारा उपटून नव्या घालाव्या लागतील, असे शहरातील एका जाणत्याने सांगितले होते. तेवढा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. वडिलांची आठवण म्हणून जपलेली वस्तू आता जिवावर बेतते की काय, ही चिंता त्याहून मोठी.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातील पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिरास बोलावले. त्याने असली मोटार पूर्वी पाहिलीही नव्हती. त्याने एक लांब तार घेतली. एक टोक दिव्याच्या अर्थिंगला लावले, दुसरे थेट बॅटरीच्या त्या टोकाला, जे मोटारीच्या सांगाड्याशी जोडलेले असते. दिवे लख्ख पेटले. दोष दिव्यांत नाही, बॅटरीत नाही आणि सबंध वायरिंगमध्येही नाही, हे पाच मिनिटांत सिद्ध झाले.

वाचकांस ठाऊकच आहे की, विद्युतप्रवाहाला जाण्याइतकीच परतण्याचीही वाट लागते. मोटारीत ही परतीची वाट बहुधा वेगळ्या तारेची नसते. लोखंडी सांगाडाच ते काम करतो. समोरच्या दोन दिव्यांना मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो. त्या वाटेवरील सांध्यात अवघा पाव ओहम रोध निर्माण झाला, तरी १२ पैकी जवळजवळ २ व्होल्ट तेथेच खर्च होतात आणि उजेड निम्म्यावर येतो. इंडिकेटरही त्याच सांध्यातून परतत असेल, तर तो लागताच सांध्यावरील भार वाढतो आणि दिवे त्याच्या तालावर मंदावतात. एक चालू करताच दुसरे बिघडते असे दिसले, की प्रथम संशय घ्यावा तो सामाईक अर्थिंगचा.

गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी मोटार अनेकांनी पाहिली असेल. तिचे बाह्यांग फायबरग्लासचे. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणून अशा मोटारींत दिव्यांसाठी परतीची तार स्वतंत्रपणे न्यावी लागते. लोखंडी मोटारीत ही वाट आयती मिळते, म्हणूनच तिची आठवण राहत नाही.

आमच्या आतेबंधूंच्या मोटारीतील तो सांधा जाळीमागे, एका बोल्टवर सापडला. वायसरखाली रंगाचा जाड थर होता, आणि त्याखाली गंज. काही वर्षांपूर्वी वडिलांनी मोटारीला मोठ्या हौसेने नवा रंग दिला होता. त्याच वेळी रंगाने ती वाट अडवली होती. कारागिराने पॉलिश कागदाने धातू उजळला, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली.

ज्यांच्या घरी जुनी मोटार आहे त्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. फ्यूज वारंवार जात असेल, तर त्याजागी जाड तार घालू नये. फ्यूज न जळता मग वायरिंगच जळते. दुसरे असे, की १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. बॅटरी बदलताना हे आधी पाहावे. आणि काहीही नवे विकत आणण्यापूर्वी, तारेचा एक तुकडा घेऊन परतीची वाट तपासावी.

त्या रात्री आतेबंधूंनी आम्हांला शेजारी बसवून कुक्षीच्या रस्त्यावर दूरवर नेले. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस दिव्यांच्या झोतात पांढराशुभ्र दिसत होता. त्यांनी कारण नसताना दोनदा इंडिकेटर लावून पाहिला. मोटार विकण्याविषयी ते काही बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.