चौविहार आणि व्यायाम

आपल्या चाकूरच्या बाजारपेठेतील तरुण रात्री आठला दुकान वाढवून जिममध्ये जातात, ही आनंदाची बाब. परंतु चौविहार असल्यामुळे व्यायामानंतर अन्न तर नाहीच, पाणीही नाही. माझ्या पुतण्याचे या क्रमाने दोन महिन्यांत चार किलो वजन उतरले. भरणा न करता उचल करीत राहिल्यास खाते रिते होणारच! घरच्यांनी सुचविले, चौविहार सोड. मला ते पटले नाही. सोडायची ती जिमची वेळ.

व्यायाम पहाटे करावा व नवकारसीच्या थोडा आधी संपवावा. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, म्हणजे डिसेंबरात आपल्याकडे सुमारे साडेसात. प्रथम पाणी, मग मुगाचे धिरडे, शेंगदाण्याची चटणी, भाकरी. द्विदळासोबत कच्चे दही अर्थातच नको.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम लागतात. मूठभर फुटाण्यांतून जेमतेम सहा मिळतात. म्हणून दुपारी वरणाची वाटी दुप्पट करावी आणि सायंकाळचे जेवण गिऱ्हाइकापायी चुकवू नये. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. डबा पाचलाच गल्ल्याजवळ हवा.