उमेदवाराची प्रार्थना आणि उमेदवाराचे काम

गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर विहारात एक ताई आमच्याजवळ येऊन बसल्या. सारे आयुष्य चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत गेले. मुलगा मात्र शिकला, अमेरिकेला गेला आणि आता तिथला मतदार झाला. त्याचे कामावरचे सोबती म्हणतात, अमक्याला मत दे, तो पक्का ख्रिस्ती आहे. ताईंनी विचारले, "भाऊ, पोराला काय सांगू? देवाधर्माचा माणूस वाईट कशाला वागंल?"

प्रश्न साधा आहे, पण भाबडा नाही. अमेरिकेच्या संविधानाच्या कलम 6 प्रमाणे कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येत नाही. पण मतदाराच्या मनातली अट कोणता कायदा काढणार? 1928 साली अल स्मिथ हे कॅथलिक म्हणून त्यांच्याविरुद्ध रान उठवले गेले, ते हरले. 1960 साली जॉन केनेडी यांना ह्यूस्टन शहरी प्रोटेस्टंट धर्मगुरूंपुढे उभे राहून सांगावे लागले की, आपण पोपच्या हुकमाने राज्य करणार नाही. ते निवडून आले.

मग आली 1980 ची निवडणूक. एका बाजूला अध्यक्ष जिमी कार्टर. रविवारी चर्चमध्ये बायबल शिकविणारा माणूस. दुसऱ्या बाजूला रोनाल्ड रेगन, पूर्वीचे सिनेनट, घटस्फोटित. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना 1967 साली गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर त्यांनीच सही केली होती. तरीही 'मॉरल मेजॉरिटी' या धर्मनिष्ठ गोऱ्यांच्या संघटनेने रेगन यांची बाजू घेतली. कारण गर्भपात, शाळेतील प्रार्थना याबाबत रेगन यांचे धोरण त्यांना हवे तसे होते. त्यात महागाई भडकलेली आणि इराणात 52 अमेरिकन ओलीस. रेगन यांनी 50 पैकी 44 राज्ये जिंकली.

त्याच वेळी कृष्णवर्णीय ख्रिस्ती मतदारांनी फार मोठ्या संख्येने कार्टर यांना मते दिली. बायबल एकच, मते दोन! म्हणजे धर्माचे नाव घेऊनही लोकांनी शेवटी धोरणच पाहिले.

मग उमेदवाराची श्रद्धा अगदीच निरुपयोगी का? तसेही आम्ही म्हणणार नाही. 1965 साली कार्टर यांच्या प्लेन्स गावच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यावा की नाही यावर मतदान झाले. बहुतेकांनी हात आखडला. कार्टर व त्यांच्या घरच्यांनी मात्र बंदीविरुद्ध मत दिले. 1930 साली काळाराम मंदिराच्या दारात ज्यांचे आजे-पणजे उभे राहिले, त्यांना त्या एका मताची किंमत सांगायला नको. पण हेच कार्टर 1970 साली गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा वर्णभेदवाद्यांचीही मते त्यांनी गोळा केली. निवडून आल्यावर 1971 साली मात्र वंशभेदाचा काळ संपल्याचे त्यांनी जाहीर सांगितले. माणूस श्रद्धावान असला तरी त्याचा हिशेब तपासावाच लागतो.

आपल्याकडेही 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123 धर्माच्या नावाने मते मागण्यास भ्रष्टाचार मानते. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने, मतदाराच्या धर्माचे नाव घेणेही त्यात येते, असा निर्णय दिला.

म्हणून ताई, मुलाला एवढेच कळवा. उमेदवार प्रार्थनेला जातो का, हे विचारू नकोस. प्रार्थनेहून परतल्यावर काय करतो ते विचार. मजुराच्या पगाराबद्दल, दवाखान्याच्या खर्चाबद्दल, परदेशातून आलेल्यांबद्दल त्याने आजवर कोणत्या बाजूने हात वर केला ते बघ. श्रद्धेपायी त्याने कधी स्वतःचे नुकसान सोसले का, तेही बघ. आणि उद्या आपल्याच विहारात येऊन कोणी हात जोडून "मी तुमचाच" म्हणाला, तर त्यालाही हेच प्रश्न विचारायचे. आपला म्हणून सूट नाही, परका म्हणून दंड नाही.

ताई उठताना म्हणाल्या, "म्हंजे भाऊ, नवरदेव बघताना जानवसा नाही, घर बघायचं!"

आम्ही यापेक्षा नेमके सांगू शकलो नसतो.